मोठी ऑर्डर घेऊ का, की धंदाच बंद करू?

‘छोट्या उत्पादकांना खोके आणि लेबलं छापून देण्याचा माझा व्यवसाय आहे. सहा वर्षं झाली. सुरुवातीला एकटी होते, आता नऊ माणसं हाताखाली आहेत. यंत्रं एक तासही रिकामी नसतात, याचा मला अभिमान होता. पण गेल्या वर्षभरात माझं काहीतरी बिनसलंय. पहाटे तीनला जाग येते आणि छपाईची कुठली प्लेट राहिली, कोणाचे पैसे यायचेत, अशी यादी डोक्यात सुरू होते. पूर्वी नवीन डिझाईन हातात आलं की हरखून जायचे. आता फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. जुन्या, चांगल्या गिऱ्हाइकांवर खेकसते आणि मग दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहतं. मागच्या महिन्यात रात्री उशिरा तपासलेल्या प्रुफात बारकोडचा एक आकडा चुकला आणि सगळा लॉट पुन्हा छापावा लागला. चार दिवस सुट्टी घेऊन पाहिली. पहिल्याच दुपारपासून फोन सुरू: मॅडम, हा निळा चालेल का? गाडी आलीय, आधी कोणाचा माल देऊ? अमुक पार्टी दहा टक्के कमी मागतेय, काय सांगू? परत आले ती जास्तच थकून.

आता एका मोठ्या कंपनीची ऑर्डर समोर आहे. घेतली तर काम जवळपास दुप्पट होईल. पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी. नवरा म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही. मला मात्र ‘हो’ म्हणायच्या विचारानंच रडू येतं. माझा पगार? सगळ्यांचे झाल्यावर उरलं तर घेते, बहुतेक महिन्यांत उरत नाही. मी आळशी झालेय का? ऑर्डर घेऊ, की सगळं बंद करून मोकळी होऊ?’

(नाव न छापण्याची विनंती)

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकू. आळशी? मुळीच नाही. आळशी माणसाला पहाटे तीनला राहिलेली प्लेट आठवत नाही. ऑर्डर? आत्ता समोर आहेत त्या अटींवर नको. धंदा बंद? तो निर्णय आज घेऊच नका. वर्षभर झोप मोडलेल्या माणसानं मांडलेला डाव मोडायला बसू नये, मग तो निर्णय पुढे बरोबर ठरणार असला तरी.

पण सगळ्याच्या आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड मंदावलं असेल, रक्त कमी झालं असेल किंवा नैराश्य असेल, तर माणूस असाच गळून जातो आणि मग धंद्यात कितीही फेरफार केले तरी फरक पडत नाही. आणि धंदाच काय, जगणंच नकोसं झालंय असं कधी मनात येत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. बाकीचं सगळं थांबू शकतं.

तपासणीत काही निघालं नाही असं धरून पुढे बोलते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून. कामाचा ताण बराच काळ राहिला आणि त्याचा बंदोबस्त झाला नाही, की तीन गोष्टी दिसतात: अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटते, कामावरून मन उडतं किंवा त्याविषयी कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. सुट्टीवरून थकून येणं, जुन्या गिऱ्हाइकावर खेकसणं, बारकोडच्या चुकीनं स्वतःला कोसत बसणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत.

हा विषय पहिल्यांदा शास्त्रीय नियतकालिकात मांडणाऱ्यांपैकी हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हा मानसशास्त्रज्ञ. स्वतःचे रुग्ण तपासून झाले की तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायला जायचा. १९७४ मध्ये त्यानं लिहिलं की सगळ्यांत आधी गळपटतात ते कामाला वाहून घेतलेले लोक. अंग राखून काम करणाऱ्याला हे सहसा होत नाही. म्हणजे तुमच्या स्वभावात खोट नाही. तुमच्या धंद्याची मांडणी मात्र अशी झालीय की तिला रोज तुमचा स्वभाव खायला लागतो.

म्हणूनच ‘जरा विश्रांती घ्या, योगासनं करा, फिरायला जा’ हा सल्ला मी देणार नाही. चार दिवसांच्या सुट्टीत काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. शरीर सुट्टीवर होतं, पण निळा रंग तुम्हीच पास करत होता, गाडी तुम्हीच लावत होता, सूटही तुम्हीच ठरवत होता. मन कामापासून सुटल्याशिवाय थकवा उतरत नाही, आणि जोवर नऊ माणसांची प्रत्येक अडचण एकाच फोनवर येऊन थांबते, तोवर तुम्ही डोंगरावर जा नाहीतर समुद्रावर, ड्युटी सुरूच.

तुमचा खरा प्रश्न तासांचा कमी आणि निर्णयांचा जास्त आहे. तुम्ही एकटी होता तेव्हा सगळे निर्णय तुमचेच असणं साहजिक होतं. माणसं नऊ झाली, कामं वाढली, पण निर्णय घेणारं डोकं एकच राहिलं. अशा धंद्यात प्रत्येक नवं माणूस तुमचं काम हलकं करण्याऐवजी तुमच्याकडे रोज आठ-दहा प्रश्न जास्त घेऊन येतं. मग वाटतं, माणसं घेऊन उपयोग काय? माणसं ठीक असतात. त्यांना विचारायची सवय आपणच लावलेली असते, कारण न विचारता केलेल्या पहिल्या चुकीला आपण काय बोललो ते त्यांच्या पक्कं लक्षात असतं.

आठवडाभर एक गोष्ट करा. तुमच्या टेबलाजवळ एक वही ठेवा. जो कोणी प्रश्न घेऊन येईल, त्यानं तो आधी वहीत लिहायचा, फोनवर आला तर तुम्ही लिहायचा. उत्तर नेहमीप्रमाणे द्या, अजून काही बदलू नका. आठवडा संपला की वही घेऊन निवांत बसा आणि प्रत्येक प्रश्नासमोर एकच खूण करा: हा निर्णय चुकला असता, तर नुकसान आठवड्याभरात भरून निघालं असतं का? बहुतेक ठिकाणी ‘हो’ येईल. ते सगळे निर्णय खाली द्यायचे. कोणता माल आधी लोड करायचा, ठरलेल्या गिऱ्हाइकाला किती टक्क्यांपर्यंत सूट, मंजूर नमुन्याशी जुळणारा रंग पास करणं, कुरिअर कुठलं, जेवणाची सुट्टी कोणी कधी घ्यायची. तुमच्याकडे राहतील ते थोडेच: नवीन मोठं गिऱ्हाईक, यंत्र खरेदी, कर्ज, माणूस घेणं आणि काढणं, दरपत्रक.

खाली देणं म्हणजे ‘आजपासून तू बघ’ असं सांगून मोकळं होणं नव्हे. तसं केलं की आठ दिवसांत काहीतरी फिसकटतं आणि ‘बघा, मी सांगत होते’ म्हणून सगळं परत आपल्याकडे येतं. प्रूफ तपासण्याचंच घ्या, कारण ते तुमच्या जिव्हारी लागलेलं आहे. तुमच्याकडे सगळ्यांत जुना आणि काळजीपूर्वक काम करणारा कोण आहे, त्याला किंवा तिला शेजारी बसवा आणि एक प्रूफ मोठ्यानं बोलत तपासा. तुमचे डोळे आधी कुठे जातात? खोक्याच्या मापाकडे, मग घडीच्या रेषांकडे, घडीवर मजकूर येत नाही ना इकडे, मग वजन-तारखेच्या ओळीकडे, मग रंगाकडे. हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. तुम्ही बोलाल तसं त्या माणसाला लिहून घेऊ द्या, त्याच्या शब्दांत. एका पानात मावलं पाहिजे. पुढचे काही दिवस त्यानं तपासायचं आणि तुम्ही नंतर बघायचं. तुम्हाला काही सापडलं तर माणसावर डाफरायचं नाही, पानावर एक ओळ वाढवायची. सलग बऱ्याच प्रुफांत तुम्हाला काही सापडेनासं झालं, की तुमची तपासणी बंद.

आणि बारकोडबद्दल जाता जाता. बारकोड डोळ्यांनी वाचायचा नसतोच. प्रुफावर स्कॅनर लावायचा आणि पडद्यावर आलेला आकडा गिऱ्हाइकाच्या लेखी ऑर्डरीतल्या आकड्याशी ताडायचा. स्कॅनर धरायला मालकीण लागत नाही. ती चूक रात्री उशिरा झाली यात मला काहीच नवल वाटत नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका घसरतो, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. कितीतरी देशांत एवढ्या प्रमाणाला गाडी चालवू देत नाहीत. सकाळी सहाला उठलेल्या बाईनं रात्री अकराला प्रूफ पास करणं हे त्यातलंच.

जास्त तास बसून भरपाई होते, हाही भ्रमच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञानं २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांपुढे दर तासाचं उत्पादन घसरत जातं आणि ७० तास राबलेल्यांचं एकूण काम ५६ तासवाल्यांच्या जवळपासच भरतं, असं निघालं. ते तर हातानं करायचं काम होतं आणि युद्ध सुरू होतं. तुमचं काम डोक्याचं आहे. शरीराचा हिशेब वेगळाच: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

आता तुमच्या अभिमानाला जरा हात लावते. ‘यंत्रं एक तासही रिकामी नसतात.’ माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यांत काळजीचं वाक्य हेच. रांगांचं एक गणित आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधले कॉल किती खोळंबतील हे काढायला एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ च्या सुमारास त्याचा पाया घातला. कामं कधी येतील आणि किती वेळ घेतील याचा नेम नसेल, आणि सरासरी एका कामाला १ तास लागत असेल, तर साध्या मांडणीत हिशेब असा येतो: यंत्र ५० टक्के वेळ गुंतलेलं असताना नव्या कामाला सरासरी १ तास थांबावं लागतं. ८० टक्क्यांना ४ तास. ९० टक्क्यांना ९ तास. ९५ टक्क्यांना १९ तास. म्हणजे ८० वरून ९५ वर जाताना विक्री वाढली जेमतेम १९ टक्के, आणि खोळंबा जवळजवळ पाचपट. त्या खोळंब्यातूनच ‘माल कधी देताय?’ हे फोन येतात, त्यातूनच रात्रपाळी, त्यातूनच चुका, आणि चुकीचा लॉट पुन्हा छापायला तर यंत्र मोकळंच नसतं. तुमच्या पोटातला गोळा बराचसा या गणितातून येतो. तेव्हा वेळापत्रक लिहिताना आठवड्यातला पाचवा हिस्सा मुद्दाम कोरा ठेवा. कागद उशिरा येईल, कोणी आजारी पडेल, एखादं जुनं गिऱ्हाईक खरंच अडलेलं असेल, त्यासाठी. सुरुवातीला ती कोरी जागा बघून जीव कासावीस होईल. होऊ द्या.

पाचवा हिस्सा कोरा ठेवला तर पैसे कमी नाही का होणार? इथे दरपत्रक काढा. समजा कागद, शाई, छपाई असा कामागणिक होणारा खर्च वजा जाता १०० मागे तुम्हाला ४० उरतात. दर १० टक्क्यांनी वाढवले तर त्याच कामामागे ५० उरतील. म्हणजे काम २० टक्के घटलं तरी हातात तेवढेच पैसे. तुमचं प्रमाण वेगळं असेल, ते तुमच्या आकड्यांनी काढा, पण करून पाहा. दर वाढवल्यावर आधी कोण जातं? बहुधा तेच, जे दहा टक्के कमी मागतात, तीनदा डिझाईन बदलतात आणि रात्री साडेनऊला फोन करतात. त्यांना अडवू नका. नव्या गिऱ्हाइकांना नवे दर लगेच लावा, जुन्यांना पुढच्या ऑर्डरीपासून, आधी लेखी कळवून. कारणांचं लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका, एक ओळ पुरे.

मोठ्या ऑर्डरीकडे येऊ. आज कागद आला, कागदवाल्याला १५व्या दिवशी पैसे दिले, २०व्या दिवशी माल पोचला आणि कंपनीनं तिच्या नियमाप्रमाणे ६० दिवसांनी, म्हणजे ८०व्या दिवशी, पैसे दिले, असं धरा. तुमचे कागदाचे पैसे ६५ दिवस अडकले. मधे पगार किमान दोनदा झाले, वीजबिल आलं, आणि पहिल्या लॉटचे पैसे यायच्या आत दुसऱ्या-तिसऱ्या लॉटचा कागदही आणावा लागला. हिशेबाच्या वहीत नफा दिसतो आणि बँकेत खडखडाट असतो. वाढता धंदा बुडतो तो बऱ्याचदा असा, काम नाही म्हणून नव्हे. पहाटे तीनला आठवणाऱ्या यादीत ‘कोणाचे पैसे यायचेत’ हे आजच आहे. त्याचं ओझं दुप्पट करायचं का? शिवाय काम दुप्पट होणार म्हणजे निम्मा धंदा एका गिऱ्हाइकाच्या हातात जाणार. सहा महिन्यांनी त्यांनी पुरवठादार बदलला तर वाढवलेल्या माणसांचं काय, हे कंपनी बघणार नाही.

तरीही सरसकट ‘नाही’ म्हणू नका. तुमच्या अटी पाठवा. साधारण असं लिहा: ‘आपल्या ऑर्डरीत आम्हाला रस आहे. पहिले तीन महिने एकूण मालाच्या एक तृतीयांश इतका पुरवठा आम्ही दर्जा सांभाळून करू शकतो. कागदाच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल पोचल्यापासून ३० दिवसांत, या अटींवर काम सुरू करता येईल. पुढचं प्रमाण तीन महिन्यांनी एकत्र बसून ठरवू.’ आजच्या कामात वरची कोरी जागा निघाली नसेल तर सुरुवातीची तारीखही दोन महिने पुढची द्या. त्यांना पटलं तर उत्तम. नाही पटलं, तर ती संधी तुमच्यासाठी नव्हती, पैसे आणि झोप दोन्ही त्यांच्या सोयीनं वापरायची ती योजना होती.

नवऱ्याशी भांडू नका. त्यांना उलाढाल दिसते, वही दिसत नाही. आठवड्याची ती प्रश्नांची वही आणि वरचा ८० दिवसांचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. मग विचारा, दुप्पट झाल्यावर हे प्रश्न कोण घेणार?

पगाराचं थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. तुमच्या जागी माणूस ठेवला असता तर किती द्यावा लागला असता, त्याच्या निदान निम्मी रक्कम पुढच्या महिन्यापासून, इतरांच्या पगाराच्याच तारखेला, तुमच्या खात्यात. ‘उरलं तर’ नाही. तेवढीही निघत नसेल, तर तुमचे दर चुकलेत, आणि आजवर तो तोटा तुम्ही स्वतःच्या पदरचा घालून झाकत होता.

आणि पहाटेचे तीन. अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात हे खरं, पण ती संपवल्याशिवाय घोळणं थांबत नाही हे खरं नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की त्या कामाचं ‘कधी, कुठे, कसं’ नेमकं ठरलं तरी मन बरंचसं मोकळं होतं. म्हणून निघण्यापूर्वी दहा मिनिटं: राहिलेलं काम, उद्या किती वाजता, कोणी करायचं. ‘प्लेट बघणे’ असं नको. ‘उद्या साडेदहाला अमक्यानं प्लेट मागवायची, मी बघायची नाही’ असं हवं. कामाचा फोन नंबर वेगळा घ्या आणि तो संध्याकाळी कारखान्यातच चार्जिंगला राहू द्या. खरंच आग लागली तर तुमचा घरचा नंबर दोघांकडे असू द्या, दोघांकडेच.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात डॉक्टर आणि कंपनीला पत्र, पुढच्या आठवड्यात वही, मग प्रूफ आणि दर. सगळं एकदम सुरू केलंत तर हाही एक जादा व्याप होऊन बसेल. पहिला महिना आजच्यापेक्षा जड जाईल, कारण काम करणं आणि शिकवणं दोन्ही एकदम चालेल. तेवढ्यासाठी नवीन गिऱ्हाईक घेणं थांबवा.

धंदा बंद करण्याचा प्रश्न तीन महिन्यांनी पुन्हा काढा. पण तेव्हा तीन गोष्टी जमलेल्या असल्या पाहिजेत: झोप बरी लागतेय, फोनशिवाय सलग दोन दिवस गेलेत, आणि पगार तारखेला मिळालाय. एवढं होऊनही नवीन डिझाईन हातात आल्यावर काहीच वाटत नसेल, तर बंद करणं किंवा चालता धंदा विकणं यात कमीपणा नाही. चालता धंदा आणि सांभाळलेली यंत्रं यांना बरी किंमत येते, थकून कुलूप लावलेल्या धंद्याला येत नाही. तशी वेळ आलीच तर आधी नऊ जणांना सांगा, मग गिऱ्हाइकांना, आणि प्रूफ तपासायला शिकलेल्या त्या माणसाला विचारून पाहा, धंदा चालवायला घेणार का म्हणून.